जुन्या टीव्ही गेमचे रिमोट नव्या लॅपटॉपला जोडायचे आहेत, कोणता अडॅप्टर घेऊ?

लोकमान्यनगरी | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

दिवाळीची साफसफाई काढली आहे. आईच्या माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली आणि तिच्यात जुन्या चादरीत गुंडाळलेले आमचे सगळे रिमोट निघाले. (आमच्या गल्लीत कंट्रोलर हा शब्द कोणी वापरत नसे. टीव्ही गेमचा तो रिमोट आणि वरून खुपसायची ती कॅसेट.)

टीव्ही गेमचे दोन आहेत, नऊ भोकांच्या प्लगचे. पहिला खेळाडू कोण यावरून रोज भांडणं व्हायची म्हणून आईने दादाच्या रिमोटच्या तारेला पूजेचा लाल नाडा बांधून दिला होता. रंग उडालाय, पण गाठ अजून तशीच आहे. मावसभावाकडून आलेला, सेगा कंपनीच्या गेमच्या डब्याचा तीन बटणांचा एक आहे. प्लेस्टेशनचा करडा, दोन काड्यांचा एक. आणि घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा घेतलेली जॉयस्टिक, तिचा प्लग पंधरा पिनांचा. टीव्ही गेमचा डबा मात्र कधीच भंगारात गेला.

दादा सहा वर्षांनी दिवाळीला इंदूरला येतोय. त्याच्याबरोबर कॉन्ट्रा खेळायचा आहे, आणि याच रिमोटांवर. लॅपटॉप नवा आहे, त्याला दोन टाइप-सी आणि एक साधं यूएसबी. काल जेल रोडवरून नऊ पिनांची यूएसबी केबल आणली. प्लग अगदी घट्ट बसला. लॅपटॉपमध्ये 'कॉम ३' असं काहीतरी दिसतं, पण बटण दाबून काहीच होत नाही. रिमोट गेलेत की केबल चुकीची?

---

घाईगडबड | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३१

नवीन वायरवाला गेमपॅड घ्या, हजाराच्या आसपास येतो, लावला की चालू. जुन्या रबरात आता दम राहिलेला नसतो. दोन दिवसांच्या खेळासाठी एवढी यातायात कशाला?

---

पोहेजिलेबी | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३८

घाईगडबड, लाल नाड्याचं वाचलंत ना? नव्या पॅडला नाडा कोण बांधून देणार भिया!

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्याकडेही एक पेटी आहे.

---

पक्कड | ७ ऑक्टोबर, रात्री ११:०५

लोकमान्यनगरी, ती केबल आधी काढा. रात्रभर लावून ठेवू नका.

तुम्ही आणलीत ती सीरियल पोर्टची केबल. पूर्वी मोडेम आणि माउस ज्याला लावायचे तो पोर्ट. प्लगचा आकार तोच आहे म्हणून रिमोट बसतो, पण आत काय वाहतं ते पूर्ण वेगळं. सीरियलच्या तारांवर अधिक-उणे व्होल्ट असतात, काही केबलींत पाच-सहा तर काहींत दहा-बारापर्यंत. टीव्ही गेमचा रिमोट शून्य ते पाच व्होल्टचा प्राणी, त्याला उणे व्होल्ट सोसत नाहीत. सेगाचा रिमोट तर मुळीच लावू नका. त्यात पाचव्या पिनेवर पाच व्होल्ट लागतात आणि सीरियलमध्ये पाचवी पिन म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्टची.

१९९३ ते २००१ मी महाराणी रोडजवळच्या एका दुकानात टीव्ही गेम दुरुस्त करत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसाला वीस-वीस डबे यायचे. तेव्हापासून एकच सांगत आलोय: प्लग बसला म्हणजे जोडणी झाली असं नाही. नऊ पिनांचा तोच प्लग अटारीने १९७७ साली वापरला, सेगाने वापरला, आपल्याकडच्या टीव्ही गेमवाल्यांनी वापरला आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही वापरला. चौघांची भाषा चार तऱ्हेची. अडॅप्टर घ्यायचा तो प्लग पाहून नाही, रिमोट आतून कोणती भाषा बोलतो ते पाहून.

रिमोट बहुधा शाबूत असतील. आधी उघडून फोटो टाका.

---

तारांगण | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:४४

पक्कड यांचा प्रतिसाद नेमका आहे. त्यात थोडी भर, कारण इथूनच सगळं सोपं होतं.

टीव्ही गेमच्या रिमोटला आठ बटणं, पण तारा फक्त पाच. हे कसं? निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा गेमचा डबा काढला, आपले टीव्ही गेम त्याचीच नक्कल. त्याच्या रिमोटमध्ये ४०२१ नावाची एक साधी चिप असते. डबा एका तारेवरून इशारा देतो, 'थांब, आत्ता कोणकोणती बटणं दाबलेली आहेत ते धरून ठेव.' मग दुसऱ्या तारेवर टिचक्या देत जातो. प्रत्येक टिचकीला रिमोट तिसऱ्या तारेवर एकेका बटणाची हजेरी देतो. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी. उरलेल्या दोन तारा पाच व्होल्ट आणि ग्राउंड. शाळेत बाई हजेरी घेतात तसंच आहे, फक्त ही हजेरी सेकंदाला पन्नास-साठ वेळा होते.

सेगाची रीत निराळी. तिथे सहा तारांवर बटणं सरळ दिसतात आणि सातव्या पिनेवरच्या 'सिलेक्ट' तारेने पाळी बदलते. ती तार वर असली की बी आणि सी, खाली असली की ए आणि स्टार्ट. आतली चिप ७४एचसी१५७.

लॅपटॉपच्या यूएसबीला यातलं काहीच कळत नाही. म्हणून मध्ये दुभाषा लागतो, म्हणजे एक छोटी चिप, जी रिमोटची हजेरी घेऊन यूएसबीच्या भाषेत सांगते. अशी चिप ज्यात आहे तोच खरा अडॅप्टर. नुसत्या तारा इकडून तिकडे जोडलेला प्लग म्हणजे अडॅप्टर नव्हे.

---

लष्करवाला | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

ग्वाल्हेरहून नमस्कार. दुभाषाची उपमा आवडली. माझा अनुभव जरा नव्या काळातला आहे.

मुलासाठी एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस पॅड कोणाकडून तरी घेतला, सोबत त्याची चार्जिंगची तार होती. तार लॅपटॉपला लावली, दिवा लागला, पॅड मात्र दिसेना. दोन आठवडे ड्रायव्हर शोधण्यात घालवले. मग कळलं की त्या तारेतून फक्त वीज जाते, बटणांची माहिती हवेतूनच जाते आणि त्यासाठी कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर वेगळा लागतो. वायरवाला ३६० पॅड मात्र सरळ यूएसबी आहे, लावताच चालतो.

उलट, पहिल्या एक्सबॉक्सचा (२००१) प्लग विचित्र दिसतो, पण आत यूएसबीच्याच तारा आहेत. तिथे साधी जोडतार पुरते. म्हणजे आकार एक असून भाषा दोन असू शकतात, तसं भाषा एक असून आकार दोन असंही होतं.

---

शंकासुर | ८ ऑक्टोबर, दुपारी १:०२

एक भाबडा प्रश्न. आमच्या टीव्ही गेमबरोबर बंदूक होती, बदकं मारायची. तीही अशीच जोडता येईल का? मुलीला दाखवायची फार इच्छा आहे.

---

पक्कड | ८ ऑक्टोबर, दुपारी २:१५

शंकासुर, जोडता येईल, पण निशाणा लागणार नाही. बंदुकीतून काही निघत नाही, ती फक्त बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटत असे, ओळीमागून ओळ, आणि बंदुकीचा डोळा त्याच लुकलुकीसाठी जुळवलेला असतो. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र उशिरा येतं आणि ती लुकलुक नसतेच. कोणाकडे जुना ट्यूबचा टीव्ही असेल तर तो जपून ठेवा. बंदुकीला दुसरा इलाज नाही.

दुकानात पोरं विचारायची, 'काका, बल्बकडे धरली की सगळी बदकं मरतात का?' काही स्वस्त बंदुकांत खरंच मरायची.

---

बडोदेकर | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

वडोदऱ्याहून. धागाकर्त्यांच्या प्लेस्टेशन पॅडबद्दल सांगतो. चौघांत तो सर्वांत सोपा, त्याचे तयार यूएसबी अडॅप्टर सगळीकडे मिळतात. एका अडॅप्टरला दोन पॅड लागतील असेही येतात. तरी घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहा.

भाचीसाठी पायाने खेळायची नाचाची चटई आणली होती, प्लेस्टेशनच्या प्लगची. स्वस्त अडॅप्टरने ती जोडली. एकेक पाय टाकला की ठीक, पण डावी-उजवी एकदम दाबली की दोन्ही गायब! पोरगी म्हणे, 'मामा, उडी मारली की गेम विसरते.' कारण असं की तो अडॅप्टर चार दिशांना बटणं न मानता एक काडी मानतो. काडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे कशी जाईल? दोन्ही दाबलं की तो मधोमध समजतो. दिशांना वेगळी बटणं मानणारा अडॅप्टर घेतला आणि चटई लगेच सरळ झाली. नवरात्र संपली तरी आमच्याकडे अजून धिंगाणा चालू आहे.

रिमोटवरच्या मारामारीच्या खेळांना हे आडवं येत नाही. पण काड्यांचा पॅड लावलात आणि खेळ नीट ऐकेना, तर पॅडवरचं 'अॅनालॉग' बटण दाबून पाहा. लाल दिवा लागलेला असताना आणि नसताना अडॅप्टर वेगळं वागतो.

---

लोकमान्यनगरी | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. केबल काल रात्रीच काढली.

आज दोन्ही रिमोट उघडले. नाड्यावाल्यात पाय असलेली चिप नाही, नुसता काळा थेंब आहे, डांबर टाकल्यासारखा. पाच तारा येतात: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी, काळी. दुसऱ्यातही थेंबच, पण तारांचे रंग वेगळ्या क्रमाने. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नाहीतच, हे मी विसरूनच गेलो होतो! तरीच खेळ सुरू करायला दादाच्या हातापाया पडावं लागायचं.

तारा कापून जोडू का? लाल म्हणजे पाच व्होल्ट समजू?

---

पक्कड | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तारा कापू नका. लाल म्हणजे पाच व्होल्ट असं मुळीच समजू नका. या रिमोटांत तारांचे रंग ज्याने ज्या दिवशी जी तार हाताशी होती तीच लावलेली असते. लाल तार ग्राउंडला लावलेला रिमोट मी स्वतः पाहिलाय.

असं करा. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवा. प्रत्येक बटणाखाली काळ्या पट्ट्यांची दोन अर्धुकं दिसतील. त्यातलं एक अर्धुक सगळ्या बटणांना सामायिक असतं, ते ग्राउंड. एक टोक तिथे ठेवून पाचही तारा तपासा, जिथे बीप वाजेल ती ग्राउंडची तार. आता प्लगची नऊ भोकं तपासा, कोणती तार कोणत्या भोकात जाते ते कागदावर लिहा. उरलेल्या चौघांसाठी थेंबाजवळ बारीक अक्षरं छापलेली आहेत का ते भिंगातून पाहा. पुष्कळ पाट्यांवर व्हीसीसी (पाच व्होल्ट), क्लॉक (टिचक्यांची तार), लॅच ('थांब'च्या इशाऱ्याची), डेटा (हजेरीची) असं असतं.

मग बाजारातून नऊ पिनांचा पिनावाला कनेक्टर घ्या, दुकानात 'डी-बी नाइन मेल' म्हणालात की देतील. तुमचा रिमोट त्यात जशाच्या तसा बसेल. सगळं सोल्डरिंग त्या कनेक्टरला करा. रिमोटला कात्री लावायची नाही.

---

घाईगडबड | ८ ऑक्टोबर, रात्री १०:४१

पक्कड, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे. पण प्रत्येकाकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न नसतं. शिवाय मध्ये चिप टाकली की उशीर होणार, बटण आत्ता दाबलं आणि उडी नंतर. जुन्या खेळांत तीच तर गंमत होती, हाताला लगेच उत्तर मिळायचं.

---

तारांगण | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

घाईगडबड, उशिराचा मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

रिमोटची पूर्ण हजेरी घ्यायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. तो धरूच नका. वेळ जातो तो यूएसबीत. मंद गतीचे स्वस्त अडॅप्टर कॉम्प्युटरला साधारण ८ मिलिसेकंदांनी एकदा उत्तर देतात, चांगले १ मिलिसेकंदाने. खेळाचं एक चित्र ६० च्या गतीला १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. म्हणजे चांगल्या अडॅप्टरमुळे होणारा उशीर एका चित्राच्या सोळाव्या हिश्शाइतका. हाताला जो उशीर जाणवतो तो बहुतेक वेळा मोठ्या टीव्हीतला असतो. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा.

आता लोकमान्यनगरींसाठी. तयार अडॅप्टर मिळाला नाही तर दुभाषाचं काम करतील असे, प्रोग्राम चढवता येणारे दोन छोटे बोर्ड आहेत. एक प्रो मायक्रो, त्यावर ३२यू४ चिप असते आणि ती स्वतःच यूएसबी गेमपॅड होऊ शकते. (साधा अर्डुइनो उनो घेऊ नका, त्याच्या मुख्य चिपला यूएसबी येत नाही.) दुसरा रास्पबेरी पाय पिको, २०२१ मध्ये आलेला. पिकोबाबत एक काळजी घ्या. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्ट त्यांच्यावर येता कामा नयेत. रिमोटलाच पिकोवरचे ३.३ व्होल्ट द्या. ४०२१ तीन व्होल्टपासून चालते, सेगाची ७४एचसी१५७ दोन व्होल्टपासून.

---

पक्कड | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

४०२१ चालेल, मान्य. पण त्यांच्या रिमोटमध्ये ४०२१ नाही, थेंब आहे, म्हणजे त्याखाली झाकलेली दुसरीच चिप. थेंब ३.३ वर चालेलच याची खात्री मी देणार नाही. काही टर्बो बटणांचे थेंब कमी व्होल्टवर अडखळताना पाहिलेत. टीव्ही गेमच्या रिमोटांना पाच व्होल्टचा प्रो मायक्रोच घ्या.

---

तारांगण | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. पक्कड बरोबर आहेत. थेंबवाल्यांना प्रो मायक्रो, पाच व्होल्टचा. प्रो मायक्रो ३.३ चाही येतो, घेताना विचारून घ्या. प्रोग्राम मी लिहून देते, दोन्ही रिमोट एकाच बोर्डावर दोन वेगळे गेमपॅड म्हणून दिसतील असा. दुसऱ्या रिमोटचे स्टार्ट-सिलेक्ट रिकामे सोडू.

---

पोहेजिलेबी | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

अवांतर: सकाळी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरत हा धागा वाचतोय. सहावीतली परीक्षेनंतरची सुट्टी आठवली. भर दुपारी वीज जायची आणि कॉन्ट्राचा शेवटचा राक्षस अर्धाच मेलेला असायचा. अख्खी गल्ली एकदम ओरडायची, म्हणजे घराघरात तोच राक्षस!

---

जॉयस्टिकप्रेमी | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:१८

पंधरा पिनांच्या जॉयस्टिकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझा त्यावर विशेष जीव आहे.

तो गेमपोर्ट. आयबीएमने १९८१ साली पहिल्या पीसीबरोबर त्याचं कार्ड दिलं. पुढे साउंड कार्डांवर तो आयता यायला लागला, म्हणून आपल्याला तो स्पीकरच्या भोकांशेजारी आठवतो. त्यात आकडे नाहीत, चिप नाही. काडीखाली रेडिओच्या आवाजाच्या खुंटीसारखी खुंटी असते, साधारण शून्य ते शंभर किलोओहमची. काडी सरकली की अडथळा बदलतो, आणि एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागला यावरून कॉम्प्युटर काडीची जागा ओळखतो. म्हणून तर दर वेळी 'काडी कोपऱ्यात न्या, आता मध्ये सोडा' असं कॅलिब्रेशन करावं लागायचं.

विंडोजने व्हिस्टापासून गेमपोर्टचा आधार काढून टाकला. जुनं कार्ड नव्या मशीनमध्ये बसवूनही फायदा नाही. चिप असलेला यूएसबी अडॅप्टरच हवा, आणि साध्या जॉयस्टिकला तो उत्तम चालतो. मात्र तुमची जॉयस्टिक मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर मालिकेतल्या डिजिटल जातीची असेल तर साधा अडॅप्टर चालणार नाही. ती त्याच पंधरा पिनांतून स्वतःची वेगळी भाषा बोलते. पाठीवरचं नाव वाचून सांगा.

जॉयस्टिक हातात घेऊन हळूहळू गोल फिरवा. मध्येच खरखर जाणवली तर खुंटीत धूळ आहे. विमान उडवायच्या खेळात अशा काडीची सर कोणत्याही पॅडला येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

---

लोकमान्यनगरी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:४८

मंडळी, दादाचा रिमोट बोलला!

पक्कड यांच्या पद्धतीने तारा शोधल्या. ग्राउंड निघाली पिवळी. लाल निघाली क्लॉक. लाल तार पाच व्होल्ट समजून लावली असती तर काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटा आला. तारांगण यांचा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चढला. विंडोज आणि आर दाबून 'जॉय डॉट सीपीएल' लिहिलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते, तिथे दोन गेमपॅड दिसले. ए दाबलं आणि लाल ठिपका लागला. आई शेजारीच बसली होती. तिने विचारलं, 'याचाच आवाज यायचा ना रात्री पांघरुणातून, टकटक?'

आता दोन अडचणी. एक, दुसऱ्या रिमोटची डावी दिशा फार जोरात दाबावी लागते. दोन, एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर जुन्या डब्याची नक्कल करणारा प्रोग्राम) कॉन्ट्रा चालतो, पण माझा हातच बसत नाही. माणूस भराभर पळतो, गोळ्या लवकर येतात, गाणंसुद्धा वेगळ्या सुरात वाटतं. वय झालं म्हणावं की रिमोट चुकतोय?

---

तारांगण | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

वयाचा काही संबंध नाही आणि रिमोटही बरोबर आहे. तुम्ही लहानपणी खेळलात तो खेळच हळू होता!

भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. अमेरिका-जपानचे ६०. आपल्याकडचे टीव्ही गेम ५० वर चालायचे आणि खेळ मूळचे ६० साठी लिहिलेले, त्यामुळे सगळं सहाव्या हिश्शाने मंद. एम्युलेटर आता तुम्हाला ६० च्या चालीवर खेळवतोय. सेटिंगमध्ये रीजन असतो, तिथे 'पाल' किंवा 'डेंडी' निवडा. डेंडी हा रशियातला आपल्यासारखाच नकलेचा डबा, त्याची चाल आपल्या डब्यांशी जास्त जुळते. दोन्ही लावून पाहा, कोणता तुमचा ते हाताला आणि कानाला कळेल.

---

पक्कड | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

डाव्या दिशेचं औषध: रबराच्या खालच्या काळ्या टिकल्या आणि पाटीवरच्या काळ्या पट्ट्या दोन्ही साफ करा. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा. घासू नका, काळा थर निघून गेला तर परत येत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका.

---

बडोदेकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

दादा आले की पहिल्या पडद्यावर वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए करून पाहा. तीस जीव मिळाले तर चारही दिशा आणि दोन्ही बटणं ठीक आहेत. रिमोट तपासायची याहून चांगली रीत नाही. दोघांनी खेळायचं असेल तर त्यानंतर आधी सिलेक्ट, मग स्टार्ट.

---

घाईगडबड | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:२२

मी माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. काल रात्री आमच्याही लोफ्टवरून डबा काढला. सेगाचे दोन पॅड आहेत. शॉ वॉलेसने भारतात आणला होता तो मेगा ड्राइव्ह, बाबांनी हप्त्यावर घेतलेला. एक पॅड सहा बटणांचा आहे. तारांगण, त्याची रीत तीन बटणांसारखीच का?

---

तारांगण | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५०

फार आनंद झाला, घाईगडबड. सहा बटणांत तीच सिलेक्ट तार पटापट तीन-चार वेळा हलवावी लागते. पॅड ती मोजतो आणि ठरावीक मोजणीला एक्स, वाय, झेड आणि मोड दाखवतो. थोडा वेळ थांबलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्राम वेगळा लागेल, पाठवते. तुमच्या पॅडमध्ये पायवाली चिप दिसली तर पिकोही चालेल.

---

लोकमान्यनगरी | १९ ऑक्टोबर, रात्री १:३५

दादा काल सकाळी आला. चहा प्यायच्या आधी मी रिमोट त्याच्या हातात दिला. त्याने बटणं पाहिली नाहीत, आधी तार हातातून सरकवत नाड्यापर्यंत गेला.

डेंडी लावलं आणि गाणं सुरू झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीस जीव मिळाले. धबधब्याच्या टप्प्यात तो अजूनही माझी वाट न पाहता वर चढतो आणि मी खालून मरतो. रात्री सराफ्यात जाऊन आलो, येऊन पुन्हा बसलो. आई आत्ता म्हणाली, 'बंद करा रे आता,' अगदी त्याच सुरात.

प्लेस्टेशनचा पॅड बडोदेकरांनी सांगितल्याप्रमाणे पाहून घेतला, चालतो. जॉयस्टिकच्या पाठीवर साइडवाइंडर असं नाही, म्हणजे साधी असावी. अडॅप्टर मागवलाय.

दुसऱ्या रिमोटची डावी दिशा पुसून सुधारली होती, पण आज दोन तास खेळल्यावर पुन्हा अडते. पट्टीवर एक बारीक चीर दिसते. पक्कड, यावर काही उपाय आहे?

---

पक्कड | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आहे. चीर पट्टीवर असेल तर तिच्या दोन्ही बाजू खरवडून बारीक तार जोडता येते, पण त्याला हात बसलेला लागतो, तुम्ही करू नका. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी मी रामबागेत बहिणीकडे आहे. दोन्ही रिमोट घेऊन या. दादा असतील तर त्यांनाही आणा. सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे.

---

पोहेजिलेबी | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

शनिवारी पोहे मी आणतो. माझी पेटीही आणतो.